होडीतला गारवा

नागपूरचे ऊन माणसाला भाजून काढते, तर आमच्या रत्नागिरीचा उकाडा त्याला उकडून काढतो. दोहोंतला फरक भाकरी आणि मोदक यांच्यातल्या फरकाइतकाच आहे. मे महिन्यातदेखील येथील पारा बहुतेक दिवस ३३ अंशांच्या आसपास घोटाळत असतो. विदर्भातला पाहुणा ते ऐकून हसतो आणि तासाभराने सदरा पिळीत पंख्याखाली येऊन बसतो. ऑक्टोबरात पाऊस सरला की हाच उकाडा पुन्हा एकदा हजेरी लावून जातो.

हा उकाडा घरात सोसवतो, कारण घराला खिडक्या असतात, ओटी असते, मागे आगर असते. पण दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि जेमतेम उभे राहता येईल इतक्या उंचीच्या होडीतल्या खोलीत त्याच्याशी गाठ पडली म्हणजे काय होत असेल? हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून या गृहस्थाच्या डोक्यात शीड शिरले होते. अखेर त्याने एक जुनी होडी घेतली आणि मला फोन केला, “सर, होडीच्या केबिनमध्ये ठेवता येईल असा एखादा उचलता येणारा, स्वस्तातला एसी असतो का? तुम्ही बंदरावर राहता, जरा चौकशी करा ना!”

मराठीच्या प्राध्यापकाला समास विचारावा, अलंकार विचारावा. एसी विचारू नये. पण विद्यार्थ्याचा प्रश्न टाळायची सवय नसल्यामुळे मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यावरही दोन-चार फेऱ्या मारल्या.

पहिला धडा मिळाला तो ‘टन’ या शब्दाचा. आपण सारेच दुकानात जाऊन ‘दीड टनाचा एसी’ मागतो. पण हे वजन कशाचे, हे कोणी विचारीत नाही. वाचकहो, ते वजन बर्फाचे आहे! यंत्रे येण्यापूर्वी गारवा बर्फानेच मिळे, म्हणून यंत्राची ताकदही बर्फातच मोजू लागले. २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. तासाला सुमारे ३८ किलो बर्फ, असा त्याचा हिशेब पडतो.

बर्फ आणि शिडाचे जहाज यांचे नातेही जुने आहे. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले. वाटेत त्याने दोनदा विषुववृत्त ओलांडले. तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. बाहेरची उष्णता आत येऊ न देणे, एवढी एकच युक्ती तेथे कामास आली. होडी थंड ठेवण्याच्या शास्त्रातले पहिले कलमही हेच.

आता उचलता येणाऱ्या एसीकडे वळू. खोलीतली उष्णता गोळा करून बाहेर टाकणे, एवढेच त्याचे काम. म्हणून त्याला जाडजूड नळी असते आणि ती खोलीबाहेर काढावी लागते. नळी आतच राहिली, तर फ्रिजचे दार उघडे टाकून स्वयंपाकघर गार करण्यासारखे होईल. खोली उलट तापेल. एका नळीच्या यंत्राची आणखी एक खोड अशी की, ते खोलीतलीच हवा बाहेर फेकते आणि तिची जागा घ्यायला बाहेरची दमट हवा फटीफटीतून आत शिरते.

शिवाय विजेचे काय? असे यंत्र सुमारे १२०० वॅट खाते. होडीतल्या १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून तिला इजा न होऊ देता निम्मीच वीज काढावी, म्हणजे ६०० वॅट-तास. तेवढ्यावर एसी चालेल अर्धा तास. तोच २० वॅटचा छोटा पंखा चालेल तीस तास! जनरेटर ठेवावा म्हटले, तर त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला ना रंग ना वास. बंद केबिनमध्ये तो साचला, तर झोपलेला माणूस उठतच नाही. तेव्हा धक्क्यावरची वीज मिळत असेल तेथे एसी खुशाल लावावा. समुद्रात त्याचा नाद करू नये.

“मग वाळ्याचे पडदे? कूलर?” विद्यार्थ्याने विचारलेच. कूलर हे कोरड्या हवेचे लेणे आहे. नागपुरास ४३ अंश उष्णता आणि २० टक्के दमटपणा असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा फार तर २५ अंशांपर्यंत उतरू शकते. रत्नागिरीस ३३ अंश आणि ७० टक्के दमटपणा असला, तर ती २८ अंशांपाशीच अडते, आणि वर खोलीत ओलावा भरतो तो वेगळाच.

मग उपाय काय? तो मला मिरकरवाड्यावर सापडला. एका बोटीत बर्फ भरण्याचे काम चालले होते. लाद्या फोडून त्यांचा चुरा मासळीच्या कप्प्यात ओतला जात होता. नाखवांना मी विचारले, “एवढा बर्फ बोटीत असतो, मग तुम्हांला उकडत नाही ना?”

ते हसून म्हणाले, “सर, बर्फ मासळीला. आम्हांला वारा!”

या उत्तरात अर्धे शास्त्र आले. नांगरलेली होडी वाऱ्याकडे नाळ करून उभी राहते. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात. होडी आपली आपण वळते. तेव्हा नाळेजवळच्या झडपेवर कापडाची तोंड पसरलेली पिशवी बांधली, की वारा आपोआप केबिनमध्ये उतरतो. जुन्या शिडाच्या जहाजांवर असेच कापडी नळ टांगून तळापर्यंत हवा पोहोचवीत. त्याआधी दिवसभर पांढऱ्या कापडाचे छत डेकवर ताणलेले हवे. दुपारचे ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट उष्णता ओतते; ती फळीत शिरल्यावर काढण्यापेक्षा वरच्या वर अडवलेली बरी.

उरलेले अर्धे शास्त्र बर्फाचे. थर्मोकोलच्या पेटीला दोन भोके पाडावीत, एकाला छोटा पंखा लावावा आणि आत दहा किलोची लादी ठेवावी. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. दहा किलो बर्फ वितळताना नऊ तासांची ती उष्णता गिळतो. या पेटीने सारी केबिन गार होणार नाही. पण झोत अंथरुणावर धरला तर झोप लागेल. आणि मौज अशी की, कूलर हवेत ओलावा घालतो, तर बर्फ तो काढून घेतो. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव जमते ना, तसाच हवेतला ओलावा बर्फावर जमतो. पेटीत साठलेले पाणी तेवढे सकाळी ओतून द्यावे.

छत, कापडी पिशवी, पंखा, पेटी, आणि धक्क्याला लागल्यावर हवा तर एसी, असा क्रम मी विद्यार्थ्याला कळवला. तो खूष झाला. मला मात्र त्या बर्फाच्या चुऱ्याने स्वस्थ बसू दिले नाही. मिरकरवाड्याच्या बोटींवर हल्ली नेपाळहून आलेले पुष्कळ खलाशी आहेत. हिमालयाच्या कुशीतली ती पोरे चार-चार दिवस आमच्या समुद्रावर असतात; रात्री-अपरात्री जाळे ओढायला उठतात, आणि मधल्या दोन-तीन तासांत इंजिनाच्या धगीशेजारी घामाने निथळत डोळा लागण्याची वाट पाहतात. न झोपलेल्या माणसाचा हात जाळ्याच्या दोरात अडकायला कितीसा वेळ लागतो? हौशी माणसाची झोप मोडली तर सहलीचा विरस होतो. खलाशाची मोडली तर एखादे बोट जाते, एखादा जीवही जातो.

हे मी नाखवांशी बोललो. बर्फ टनावारी बोटीत असतोच. त्यातला दहा-वीस किलो माणसांसाठी काढला, तर मासळी काही नासणार नाही. त्यांनी ऐकून घेतले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “पेटी किती मोठी म्हणालात, सर?”

मी हातांनी माप दाखवले. धक्क्यावर रिकाम्या पेट्यांची रास पडलेलीच होती. नाखवांनी तिच्यातली एक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि खलाशाच्या हाती दिली.