डॉक्टरांनी रेशनचे दुकान का चालवायला घेतले?

बैरागड हे मेळघाटातले, अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातले कोरकू वस्तीचे गाव. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तेथे तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली आणि २०१९ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली, हे आपल्या बहुतेक वाचकांना माहीत असेल. या दांपत्याने गावचे स्वस्त धान्य दुकानही चालवायला घेतले, ही गोष्ट मात्र सत्काराच्या भाषणांत एका ओळीत उरकली जाते. आमच्या मते त्यांच्या कार्यातला तो फार महत्त्वाचा धडा आहे.

दवाखाना सुरू झाल्यावर डॉक्टरांना दिसले ते असे : मुले न्यूमोनियाने दगावत होती. औषध देता येत होते, पण आजार पुन्हा येत होता. कारण अंगावर ऊब नव्हती आणि पोटात अन्न नव्हते. अन्न नव्हते कारण मागच्या हंगामाचे धान्य संपलेले असे, नवे पीक शेतात उभे असे आणि पावसाळ्यात मजुरी मिळत नसे. दवाखान्यातून मागे मागे जात हा प्रश्न शेवटी शेतात आणि रेशनच्या दुकानात पोचला. म्हणून डॉक्टर शेतीकडे वळले, आणि पावसाळ्यातही प्रत्येक घरी धान्य पोचावे म्हणून त्यांनी दुकानाची जबाबदारी घेतली.

शहरात दुकान बंद दिसले तर आपण पुढच्या चौकात जातो. पाड्यावर पुढचा चौक नसतो. ओढ्याला पाणी चढले की दुसऱ्या गावची वाट संपली. मेळघाटातल्या बालमृत्यूंनंतर १९९५ मध्ये राज्य सरकारने नवसंजीवन योजना आणली. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत धान्याचा साठा आधीच नेऊन ठेवावा, ही तरतूद तिच्यात आहे ती याचसाठी. पण साठा आला तरी तो कोरड्या जागी ठेवणारा, दुकान उघडणारा आणि नीट मोजून देणारा माणूस गावातच लागतो.

असा माणूस टिकत का नाही, हे समजायला साधा हिशेब पुरे. तीनशे लाभार्थ्यांचे गाव धरा. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो, म्हणजे १५ क्विंटल धान्य. दुकानदाराला मिळते क्विंटलमागे दीडशे-दोनशे रुपयांच्या आतले कमिशन. महिन्याचे झाले अडीच हजारांच्या आतबाहेर. त्यात जागेचे भाडे, वीज, हमाली, उंदीर-घुशींनी फोडलेल्या पोत्यांची तूट. एवढ्यावर घर चालत नाही. मग दुकान महिन्यातून दोनच दिवस उघडते, किंवा काटा हलका होतो. काटा मारणाऱ्याची बाजू आम्हाला मुळीच घ्यायची नाही. पण दुकानदार बदलला म्हणून हा हिशेब बदलत नाही. तो बदलतो जेव्हा काही हात मोबदल्याशिवाय दुकानामागे उभे राहतात.

हे हात नेमके कशासाठी हवेत? पहिले काम साठ्याचे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचायची, आधी आलेले आधी वाटायचे, आवक-जावक त्याच दिवशी वहीत चढवायची. चाकणच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पण ते पाड्यावरच्या मुलामुलींना शिकवणारा कोणी तरी हवा. वजनकाट्याची तपासणी आणि शिक्का वेळेवर झाला आहे ना, हे पाहणे दुसरे. तिसरे काम ई-पॉस यंत्राचे, आणि हे सर्वांत किचकट. नेटवर्क नसते, आणि आयुष्यभर माती-लाकूडकामात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत. म्हातारी माणसे तीन-तीन हेलपाटे घालून रिकाम्या पिशवीने परततात. आधारची अडचण आली म्हणून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. हे माहीत असलेला एक कार्यकर्ता वाटपाच्या दिवशी दुकानात बसला, तर आजीबाईंना चौथा हेलपाटा पडत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावे : कुटुंबाचे रेशनकार्ड कार्यकर्त्याने स्वतःजवळ ठेवू नये, सोयीसाठीसुद्धा नाही. सावकाराकडे आणि दुकानात कार्डे अडकवून ठेवण्याची वाईट चाल अनेक पाड्यांनी सोसली आहे.

दुकान गावाच्याच हाती असावे असे वाटत असेल, तर कायदा अनुकूल आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १२ मध्ये परवाना देताना पंचायत, बचत गट, सहकारी संस्था यांना प्राधान्य आणि चालवण्यात महिलांना स्थान द्यावे असे म्हटले आहे. रिक्त दुकानासाठी जाहीरनामा निघतो तेव्हा पाड्यावरच्या बायकांच्या गटाला बहुधा पत्ताच नसतो. कागद जमवेपर्यंत मुदत टळते. तहसील कार्यालयातला पुरवठा विभाग आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. तेथला फलक वाचून खबर पाड्यावर पोचवणे एवढेही पुष्कळ आहे.

आता आपल्या परिसराकडे या. चाकणहून राजगुरुनगर, वाडा करीत भोरगिरीकडे निघाले की कारखान्यांची धुराडी मागे पडतात आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या सुरू होतात. त्यांतली माणसे बांधकामावर, वीटभट्टीवर मोशी-चाकण-तळेगावकडे उतरतात. काही तर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून येतात. यांतल्या अनेकांची समजूत अशी असते की गाव सुटले की रेशन सुटले. तसे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशनकार्डाची देवाणघेवाण सुरू झाली आणि पुढे ‘एक देश, एक रेशनकार्ड’ देशभर लागू झाले. गावाकडचे कार्ड आधारशी जोडलेले असेल, तर पिंपरीतल्या दुकानातही धान्य उचलता येते. येथे दोघांचे घ्यावे, उरलेल्यांचे गावी आईने घ्यावे, हेही चालते. आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. दुकानदार नाही म्हणाला, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

कातकरी कुटुंबांचे वेगळे सांगायला हवे. आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय योजनेत घ्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २००३ मध्ये दिला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या त्या तीन जमाती. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिना ३५ किलो मिळतात. चार माणसांच्या घराला प्राधान्य कार्डावर २० किलोच मिळतात. हा १५ किलोंचा फरक दर महिन्याचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी भट्टीवर कपडे-खाऊ घेऊन जाल, तेव्हा एवढे करा : कार्ड मागून पाहा, ते कोणत्या प्रकारचे आहे हे घरच्यांना सांगा, त्यावरची नावे मोठ्याने वाचून दाखवा आणि कोणत्या लेकराचे नाव राहून गेले आहे ते वहीत लिहून घ्या.