शेताची गाडी, डोंगराची गाडी

अरवलीचे शेवटचे फाटे गुडगाव, सोहना आणि फरिदाबाद ओलांडून दिल्लीच्या वेशीत शिरतात. शहरात नोकरी किंवा व्यवसाय करावा आणि या डोंगरांच्या पायथ्याशी दोन-चार एकर जमीन राखावी, अशी हौस असणारी पुष्कळ माणसे या भागात आहेत. अशा जमीनमालकाला एकाच गाडीकडून दोन कामे हवी असतात. खताची पोती, तारेची भेंडोळी आणि पाण्याची टाकी तिने बांधावरून न्यावी. आणि सुटीच्या सकाळी दमदमा तलावाच्या बाजूच्या खडकाळ वाटेवर त्याच गाडीने फेरफटकाही घडवावा. मग कोणती गाडी घ्यावी? विक्रेता या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यांत देतो. वस्तुतः उत्तर दुसरीकडेच आहे.

ही दोन कामे एका वाहनाकडून घेण्याची कल्पना नवी नव्हे. १९४० साली अमेरिकी सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या वाहनाची मागणी केली आणि त्यातून जीप जन्मली. युद्ध संपताच, १९४५ साली, विलीज कंपनीने तिला नागरी रूप दिले, ते मुख्यतः शेतकऱ्यासाठी. मागे उघडणारी फळी, अवजार ओढण्याचा आकडा आणि मागणीप्रमाणे यंत्रे फिरवणारा दांडाही त्या गाडीस मिळे. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी याच जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे मामलेदार, पाटबंधाऱ्यांचे अभियंते व निवडणुकीचे उमेदवार यांच्यामुळे ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ओळखीची झाली. जीपच्या आवाजाची आठवण पुष्कळांना असते. तिची खरी करामत मात्र मोठ्या गिअरच्या शेजारी असलेल्या लहान दांड्यांत होती.

त्यांपैकी एक दांडा पुढच्या चाकांना जोर पोचवतो. दुसरा सगळ्या गिअरांची गती आणखी उतरवतो. इंजिन तितकेच फिरते, पण चाके जवळजवळ निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने फिरतात आणि त्याच प्रमाणात ओढ वाढते. चढावर याचा लाभ उघड आहे. उतारावरचा लाभ अधिक मोलाचा. घाट उतरताना बैलगाडीवान नुसत्या कासऱ्यावर भरवसा ठेवत नाही. चाकाला अडणा लावतो. उतरत्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच असा अडणा होते, ब्रेक तापत नाहीत आणि गाडी माणसाच्या चालीने खाली येते. भरलेली गाडी दगडी उतारावर सुटली की काय होते, ते सांगावयास नको. म्हणून खरेदीच्या वेळी पहिली चौकशी या दांड्याची करावी. नाशकात तयार होणाऱ्या थार गाडीचे २०२० सालचे चारचाकी-जोराचे रूप हा दांडा घेऊन आले. २०२३ साली तशाच चेहऱ्याचे, पण केवळ मागच्या चाकांना जोर देणारे स्वस्त रूप निघाले, त्यात तो नाही. बाहेरून पाहणाऱ्यास हा फरक सहज कळत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: या जातीच्या गाड्यांत चारही चाकांचा जोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये. वळणावर पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर कापतात, आणि तो ताण दंतचक्रांवर येतो.

दुसरी चौकशी वजनाची. सिमेंटची दहा पोती म्हणजे पाचशे किलो, आणि पाचशे लिटरची भरलेली टाकीही तेवढीच. शिवाय अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिसके देते, ते वेगळेच. गुडगावात १९८५ पासून तीन दशकांहून अधिक काळ तयार झालेली मारुतीची जिप्सी वजनाने एक टनाच्या आसपास होती. लष्कराने तिला इतकी वर्षे पदरी ठेवले, यातच हलकेपणाचे माहात्म्य आले. तिची उत्तराधिकारी जिम्नी २०२३ साली आली. तिचे वजन सुमारे बाराशे किलो, तळ जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच. थारचा तळ २२६ मिलिमीटर आणि अंग बरेच जड. जिम्नीची मागची जागा बेताची आहे, ही तिची मोठी उणीव. उघड्या हौद्याचा पिकअप ओझ्यास उत्तम खरा, पण रिकामा असताना त्याचे ताठ पाटे उसळतात, मागची चाके पकड सोडतात, आणि लांब अंगामुळे अरुंद वाटेवर तो वळत नाही.

जमीनही एकसारखी नाही. यमुनेच्या खादरात वाळू आणि गाळ, नजफगडच्या सखल भागात पावसाळ्यात चिकट माती, अरवलीत धारदार गारगोटी खडक. वाळूत टायरची हवा थोडी उतरवली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे. खडकावर तोच मऊ टायर कापला जातो. हवा भरण्याचा लहान पंप हा अशा गाडीचा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त दागिना होय.

चार फुगीर चाकांच्या, दुचाकीसारख्या हाताळायच्या लहान वाहनाचा मोह पुष्कळांना पडतो. लहान शेतात ते सोयीचे आहे खरे. पण काही नमुने ट्रॅक्टर म्हणून नोंदले गेले ते सोडता त्याला सार्वजनिक रस्ता मोकळा नाही, आणि उतारावर आडवे नेल्यास ते सहज कलंडते. अमेरिकेत अशा वाहनांच्या अपघातांत दरवर्षी शेकडो माणसे दगावतात.

दिल्लीच्या परिसरात कायद्याचीही गणना करावी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल वाहनांस येथे बंदी केली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि पेट्रोल वाहनांस पंधरा वर्षांची मर्यादा घातली. २०२५ साली न्यायालयाने अंमलबजावणीस सवलत दिली व वर्षअखेर ती जुन्या, अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांपुरती काढून घेतली. शेतावरची गाडी थोडे चालते आणि पुष्कळ वर्षे टिकते. तिच्या बाबतीत ही पाच वर्षे फार मोठी ठरतात. शिवाय हिवाळ्यात हवा बिघडली की जुन्या डिझेल गाड्यांवर आणखी निर्बंध येतात, आणि रब्बीच्या कामांचा हंगामही तोच. तेव्हा जड ओझे रोजचे नसेल, तर हलकी पेट्रोल गाडी घ्यावी, आणि नांगरटीसाठी ताशी भाड्याने ट्रॅक्टर बोलवावा, हा हिशेब येथे बहुधा बरोबर उतरतो. मोठी चाके व पुढचे लोखंडी कठडे लावण्याचा खर्च वाचवावा. कठड्यांस २०१७ पासून मनाई आहे.

राहिली डोंगरवाट. गुडगाव व फरिदाबादच्या अरवलीतील खाणकाम सर्वोच्च न्यायालयाने थांबवले. १९०० सालच्या भूसंरक्षण कायद्याच्या खास आदेशांखाली आलेली तेथील जमीन ही वनच होय, असेही त्याने २०२२ साली ठरवले. मांगर बनीसारखी देवराई गावकऱ्यांनी कुऱ्हाड न लावता राखली आहे. एकदा चाकांखाली उखडलेली तेथील पातळ माती पहिल्या पावसातच वाहून जाते. म्हणून गाडीने रुळलेल्या गाडीवाटेवरच राहावे आणि ती वाट वनखात्याच्या हद्दीत शिरते काय, हे गावात आधी विचारून घ्यावे.

पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्यास एक विनंती करावी: गाडीत दहा पोती भरून ती एखाद्या चढावर मध्येच थांबवू द्यावी, पुन्हा उचलू द्यावी, आणि त्याच उतारावरून ब्रेकला पाय न लावता उतरू द्यावी.