राउटरमधलं 'आरआयपी' चालू करायचं का?

तर मंडळी, राउटरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'डायनॅमिक राउटिंग' किंवा 'आरआयपी' असं दिसतं ना, आज त्याबद्दल. घरात एकच राउटर असेल तर बंदच ठेवा. नेटच्या स्पीडला काडीचाही फरक पडत नाही.

गरज लागते ती ऑफिसात तीन-चार राउटर असतील तेव्हा. दोनच असतील तर मी रस्ता हातानं लिहून मोकळा होतो, त्याला स्टॅटिक रूट म्हणतात. पण तीन राउटर त्रिकोणात जोडलेत आणि उंदरानं एक केबल कुरतडली, तर हातानं लिहिलेला रस्ता आपणहून वळत नाही. आरआयपीवाले राउटर दर ३० सेकंदांनी एकमेकांना आपापले रस्ते सांगतात. शेजाऱ्याकडून १८० सेकंद काही आलं नाही, की तो रस्ता बाद. म्हणजे एखादवेळी तीन मिनिटं कॉल लटकू शकतो हं! ओएसपीएफ हेच साधारण ४० सेकंदांत ओळखतं, पण साध्या घरगुती राउटरमध्ये ते सहसा नसतं.

व्हर्जन २ निवडा, १ मध्ये सबनेट मास्क जातच नाही. आतल्या राउटरांचं नॅट बंद करा. पासवर्ड टाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे फक्त लॅनच्या बाजूला चालू करा. वॅनवर उघडं राहिलं तर त्या लाइनवरचा कोणीही खोटा रस्ता सांगेल, राउटर बिचारा खरं मानेल, आणि तुमच्या ऑफिसचा डेटा त्याच्या मशीनवरून जायला लागेल.

मग सगळे घरी गेल्यावर एक केबल काढा आणि राउटिंग टेबलमध्ये नवा रस्ता येतो का, बघा.