जोर लागला की थांबा

नवी अलॉय व्हील्स निवडताना माणूस आठवडाभर डिझाइन पाहतो, रंग पाहतो, चौदाचं पंधरा की सोळा यावर घरात चर्चा करतो. त्यांवर टायर कोण चढवणार आणि कोणत्या मशीनवर, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. दुकानात जो कारागीर मोकळा असेल त्याच्या हाती चाकं जातात आणि पहिला ओरखडा तिथेच पडतो.

साध्या पोलादी रिमला हे चालून जायचं. ती वाकली तर ठोकून सरळ होते, रंग उडाला तर वर कॅप असते. अलॉय म्हणजे बहुतेकदा साच्यात ओतलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याला घण लागला तर ते सरळ होण्याऐवजी तडकू शकतं. चकचकीत डायमंड-कट चाकांचा दर्शनी भाग मशीनवर तासलेला असतो आणि त्याच्यावर फक्त पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. त्या थराला एक खरवड पुरते. पावसाचं पाणी आणि किनाऱ्याकडची खारी हवा आत शिरते, आणि लॅकरखाली पांढरे दोरे पसरू लागतात. मुंबईत किंवा कोकणात गाडी वापरणाऱ्यांनी हे नक्की पाहिलं असेल. ओरखडा आतल्या बाजूला, टायर जिथे घट्ट बसतो तिथे पडला, तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरत राहते आणि पंक्चर शोधून सापडत नाही.

हे का होतं ते समजायला टायर रिमवर चढतो कसा, ते पाहायला हवं. टायरच्या आतल्या कडेला, म्हणजे बीडला, पोलादी तारांचं कडं असतं. ते ताणलं जात नाही. सोळा इंची टायर रिमच्या सोळा इंची बैठकीवर बसतो, पण त्या बैठकीच्या बाहेर रिमची कड सुमारे 17 मिलिमीटर उंच असते. म्हणजे न ताणणारं कडं स्वतःहून तीनेक सेंटिमीटर मोठ्या वर्तुळावरून पार करायचं आहे. ताकदीचं हे काम नव्हेच. म्हणून रिमच्या मध्ये मुद्दाम एक खोलगट पट्टा ठेवलेला असतो. बीडची एक बाजू त्या खोलगटात दाबून धरली, की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि ती कडेवरून अलगद सरकते. टायर चढवण्याची सगळी विद्या एवढीच आहे. मशीन, हात, साबण सगळं या एका गोष्टीच्या मदतीला.

आता 45 किंवा 40 सिरीजचा, कमी उंचीच्या ताठ भिंतीचा टायर घ्या. एका बाजूला मशीनचं हेड काम करत असताना समोरची बीड खोलगटातून पुन्हा वर चढून बसते. ढील संपते, मशीन कण्हायला लागतं. कारागीर अशा वेळी दुसरी टॉमी घालतो आणि जोर लावतो. रिमची कड खरवडते ती याच क्षणी. बीडच्या तारा दुखावतात त्याही याच क्षणी, फक्त त्या दिसत नाहीत. जोर लागतोय म्हणजे बीड जागेवरून सुटली आहे. थांबावं, मशीन थोडं उलटं फिरवावं, समोरची बाजू पुन्हा खोलगटात दाबावी. हे दाबून धरायला ज्या मशीनला जादा आर्म असतो, तिथेच असे टायर न्यावेत. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

खोलगट पट्टा सहसा चाकाच्या दर्शनी बाजूला जवळ असतो, म्हणून चाक तोंड वर करून ठेवतात. काही खोल बशीसारख्या डिझाइनमध्ये तो मागच्या बाजूला जवळ असतो. तिथे चाक पालथं घालून, खाली गादी ठेवून मागूनच टायर चढवावा लागतो. कारागिराने चाक हातात घेऊन आधी हे पाहिलं, तर समजावं की माणूस जाणकार आहे.

काम सुरू होण्याआधी जवळ उभं राहून विचारायला संकोच नको: “दादा, हेडला प्लास्टिक आहे ना?” हेडवर आणि चाक पकडणाऱ्या जबड्यांवर प्लास्टिकची टोपणं हवीत. ती झिजलेली नसावीत आणि त्यांत वाळूचा कण रुतलेला नसावा, कारण तो कण पूर्ण वर्तुळभर रेघ ओढतो. जुना टायर सोडवताना दाबणारं फावडं रबरावर पडावं, रिमवर नाही. व्हॉल्व्ह किंवा हवेचा सेन्सर असेल तिथपासून तर लांबच. बीडला टायरची पेस्ट भरपूर लावावी. ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीच नाही: त्याने रबर खराब होतं आणि ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो.

हवा भरताना दोन्ही बाजूंनी ‘ठक्’ असा आवाज येतो, बीड बसल्याची ती खूण. त्यासाठी 40 पीएसआयच्या पुढे जायचं नाही. नाहीच बसली, तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची. पेट्रोल फवारून काडी लावण्याचा प्रकार कुणी करू लागला, तर चाक उचलून घरी आणावं.

मापाबद्दल थोडं. 195/55 आर 16 टायर साधारण साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमवर बसतो. त्याहून रुंद रिमवर टायर ताणून बसवण्याची फॅशन आहे. त्यात रिमची कड टायरच्या बाहेर डोकावते आणि फुटपाथला तीच आधी घासते.

चाक गाडीवर चढवतानाही तोच नियम: जोराने नाही, नीट बसवून. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा 73.1 मिलिमीटरचं असतं, उदाहरणार्थ फोक्सवॅगन पोलोचा हब 57.1 चा. मधली फट भरणारी रिंग नसेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरतं. बोल्टचा बसण्याचा आकारही जुळायला हवा: फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या अलॉयना बहुधा शंकूच्या आकाराचे बोल्ट लागतात. सुरुवातीचे आटे हातानेच फिरवावेत, मग समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून घट्ट करावेत, आणि शेवटचा आवळ एअर गनने नाही, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर तोच आकडा पुन्हा एकदा तपासून घ्यावा.