पाणी गोठतं तेव्हा पाइप का फुटतो?

कडावात राहणाऱ्याला हा प्रश्न पडायचं काही कारण नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे दोन चादरी आणि आंघोळीला एखादा दिवस सुट्टी! होस्टेलच्या टाकीतलं पाणी संपतं, गोठत मात्र कधी नाही. पण २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या कुणी असं चाकांवरचं घर घेऊन डिसेंबरात मनालीला निघालं, किंवा एम.एस. करायला अमेरिकेत गेलं आणि तिथे कॅम्पिंग ट्रेलर हाती आला, तर हा प्रश्न सिलॅबसबाहेरचा राहणार नाही.

आधी थोडी थिअरी. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी उलट फुगतं. १ लिटर पाण्याचा साधारण १.०९ लिटर बर्फ होतो. म्हणूनच काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये तडकते.

आता गंमत पुढेच आहे. आपल्याला वाटतं, जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फुटणार. पुष्कळदा तसं होत नाही. पाइपात बर्फाचं बूच तयार होतं आणि ते लांबीने वाढत जातं. पुढचा नळ बंद असेल तर बूच आणि नळ यांच्यामधलं पाणी कोंडतं. पाण्याचा बल्क मॉड्युलस २.२ गिगापास्कल. म्हणजे ते फक्त १ टक्का दाबायचं तर सुमारे २२० बार दाब लागतो. एवढा दाब आला की सगळ्यात कच्चा सांधा सुटतो. आणि फुटलेलं लगेच कळतही नाही, कारण बर्फच भोक बुजवून बसतो. ऊन पडून बर्फ वितळला की मग पाण्याची धार सुरू!

ट्रेलरची व्यवस्था साधीच असते: पाण्याची टाकी, बॅटरीवरचा छोटा पंप, हीटर, बेसिन-शॉवरचे नळ आणि सांडपाण्याची टाकी. पण पाइप बारीक आणि भिंती पातळ, त्यामुळे घरापेक्षा तो लवकर गारठतो. थंडीभर उभा करून ठेवायचा तर क्रम असा:

१) सगळ्या टाक्या रिकाम्या करा.
२) हीटर बंद करा, पाणी थंड होऊ द्या, दाब सोडा आणि मगच खालचा प्लग काढा. गरम असताना काढलात तर भाजेल.
३) गरम-थंड सगळे नळ, शॉवर आणि सर्वात खालचे ड्रेन उघडा.
४) उरलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने एकेका नळातून बाहेर काढा. दाब बेताचाच ठेवा, साधारण ४० पीएसआयच्या आत.
५) हीटर बायपास करून पंपाने गुलाबी अँटिफ्रीझ फिरवा. प्रत्येक नळातून गुलाबी रंग दिसला की बस. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून राहतं, तिथेही थोडं ओता.

इथे एक इशारा. हे अँटिफ्रीझ प्रॉपिलिन ग्लायकॉलचं, खास पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी बनवलेलंच हवं. गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट बहुधा एथिलिन ग्लायकॉलचं असतं. ते विषारी आहे, पोटात गेलं तर किडनी निकामी होऊन जीव जाऊ शकतो. पैसे वाचवायचा जुगाड इथे नको. थंडी सरली की सगळी लाइन भरपूर पाण्याने धुऊन घ्या.

ट्रेलरमध्ये राहायचंच असेल तर रात्री पाइपांजवळ ऊब ठेवा. आणीबाणीला नळ बारीक धारेने चालू ठेवला तरी उपयोग होतो, कारण कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते.

हे न पाळल्यास काय होतं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात दिसलं. एरवी उष्ण असलेला तो प्रांत. तिथे कडाक्याची थंडी पडली, वीज गेली, आणि असंख्य घरांचे पाइप फुटले. उलट लेहमध्ये थंडी दरवर्षीचीच. तिथे हिवाळ्यात बरीच गेस्ट हाऊस नळाचं पाणीच बंद ठेवतात आणि पाहुण्याला बादलीने पाणी देतात. रिकामा पाइप फुटत नाही, हे लेहच्या माणसाला बल्क मॉड्युलसशिवाय माहीत आहे.

तेव्हा मित्रांनो, बर्फ बघायला जरूर जा. फक्त निघण्यापूर्वी नळ कुठून उघडतो आणि पाणी कुठून काढायचं, हे एकदा कडावातच, उजेडात करून बघा. रात्री शून्याखाली, बॅटरीच्या प्रकाशात प्लग शोधण्यापेक्षा ते बरं!