‘बाइक स्लिप झाली’ असं लिहिलेला केसपेपर

ठाण्यापासून बदलापूरपर्यंत हा प्रसंग ओळखीचा आहे. कल्याण-शिळ रस्त्यावर कारची धडक बसते, पाय मोडतो, माणसं जमतात. कारवाला सभ्य निघतो. “काका, पोलिसांची भानगड कशाला? दवाखान्याचं मी बघतो,” म्हणत पाच-सात हजार हातात ठेवतो. रुग्णालयात डॉक्टर विचारतात, काय झालं? सोबत आलेला भाचा सांगून टाकतो, बाइक स्लिप झाली. पोलीस यायला नकोत, एवढाच त्याचा हेतू.

मग दोन महिन्यांनी रॉड बदलायचं ऑपरेशन निघतं, कारवाल्याचा फोन लागत नाही आणि कोणीतरी सुचवतं, एमएसीटीत क्लेम टाका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील सर्वांत आधी उचलतो तो पहिल्या दिवसाचा केसपेपर. त्यावर ‘स्लिप’ लिहिलेलं असेल, तर ही कार नंतर घुसडली असा बचाव त्याला आयताच मिळतो. दावा तिथेच संपतो असं नाही, पण पुढची सगळी ताकद तो एक शब्द पुसण्यात जाते.

म्हणून ‘पोलिसात गेलं की आपल्यालाच त्रास’ हा समज सगळ्यांत महाग पडतो. उलट, पोलिसांत नोंद झाली की बरंचसं काम तेच पुढे नेतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. अपघात मुंब्रा बायपासवर झाला आणि रुग्ण डोंबिवलीत दाखल असेल, तरी ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवावी लागते. आणि फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाई बुडत नाही. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, इथे अधिक संभवनीय काय एवढंच पाहतात.

आता पैशाकडे वळू. लोकांचा हिशेब असा असतो: सिव्हिल हॉस्पिटलने ४० टक्के अपंगत्वाचा दाखला दिला, म्हणजे ४० टक्क्यांची भरपाई. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात हे फार स्पष्ट मांडलं. डावा हात कापावा लागला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमावण्याची ताकद जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल, तर कमाईचं नुकसान ६० टक्क्यांपेक्षा बरंच कमी. भरपाई मोजताना हाड किती मोडलं यापेक्षा त्या हाडावर कोणतं पोट चालत होतं, हे बघतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. डोंबिवलीचा रिक्षाचालक, वय ३४, महिन्याची कमाई २०,००० रुपये. वय ४० च्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे: २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. या वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक १६. झाले ५३,७६,०००. पायामुळे त्याची कमाईची क्षमता निम्मी गेली असं न्यायाधिकरणाने मानलं, तर भविष्यातल्या कमाईपोटी २६,८८,००० रुपये. उपचाराचा खर्च, बसून काढलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई, पुढची ऑपरेशनं आणि वेदनेची भरपाई हे सगळं वेगळं. कारवाल्याने दिलेले पाच-सात हजार या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

अर्थात हा आकडा आपोआप हाती येत नाही. नुसता दाखला जोडून भागत नाही. तो देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते, आणि क्लच दाबताना किंवा जिना चढताना नेमकं काय जमत नाही, हे त्या साक्षीत यावं लागतं. बरेच दावे इथेच पातळ होतात.

‘आयकर रिटर्न नाही, म्हणजे उत्पन्न शून्य’ हेही खरं नाही. बॅज, परमिट, कर्जाच्या हप्त्यांचं पासबुक, यूपीआयवर जमा झालेले पैसे यांतून कमाई दिसते. काहीच नसेल तर किमान वेतनाच्या आधारे अंदाज धरतात. घर सांभाळणाऱ्या बाईचं काम शून्य मोलाचं, असंही कोर्ट मानत नाही. २००१ पासून सर्वोच्च न्यायालय गृहिणीच्या कामाला मोल लावत आलं आहे आणि २०२१ मध्ये त्याने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. तरी आमच्याकडे जखमी आईच्या दाव्यात मुलगाच ‘ती काही करत नाही, घरीच असते’ असं लिहून देतो.

मेडिक्लेमबद्दलचा गोंधळ तर नोकरदारांत घरोघरी आहे: बिल मेडिक्लेमने भरलं, आता त्यावर दावा कसा करणार? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ रोजी निकाल दिला की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. हप्ता तुम्ही भरलात. त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? फक्त मूळ बिलं मेडिक्लेमकडे जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवा.

हेल्मेट नव्हतं, बाइकवर तिघं होतो, म्हणून काहीच मिळणार नाही? दंड होईल तो वेगळा. पण तिघं असणं ही आपोआप अपघातातली चूक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. अपघात घडण्यात तुमचा वाटा सिद्ध झाला, तर तेवढी टक्केवारी कापली जाते. मात्र स्वतःच गाडी डिव्हायडरवर घातली, तर थर्ड पार्टी विमा तुमच्या कामाचा नाही. तिथे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल तरच काही मिळतं.

समोरच्याकडे लायसन्स नव्हतं, या कारणानेही बरेच जण दावा सोडून देतात. न्यायालयं अशा अनेक प्रकरणांत विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतात. डंपर ठोकून पळाला, नंबरच मिळाला नाही, तर २०२२ च्या योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. अर्ज कोर्टात नाही, महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा.

मुदतीचं काय? अपघातापासून सहा महिने ही अट १९९४ मध्ये काढली होती, ती १ एप्रिल २०२२ पासून परत आली. तिला आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी निवांत राहू नये. अपघात पुण्याला झाला म्हणून तिथे खेटेही घालायला नकोत. राहत्या जागेच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो.

रुग्णालयाच्या दारात ‘केस जिंकली तर तीस टक्के’ म्हणणारा भेटला, तर एवढं माहीत असू द्या की निकालातल्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. महिलांना आणि अपंगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर वरचा गुणाकार आधी करून पाहा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

राहिला खड्डा. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी बळी घेतले. अशा वेळी ‘नशीब’ म्हणून बरेच जण गप्प बसतात. खड्ड्याला ना नंबरप्लेट ना विमा, मग मागायचं कोणाकडे? मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात याचं उत्तर दिलं: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना दुखापतीनुसार ५०,००० ते अडीच लाख, आणि तेही रस्ता ज्यांच्या ताब्यात त्या यंत्रणेकडून. ही रक्कम पुढे जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणजे इथेही केसपेपरवर नुसतं ‘स्लिप’ नको, ‘अमुक ठिकाणी खड्ड्यात आदळून पडलो’ असं हवं. आणि फोटो त्याच दिवशी काढायला हवा. एरवी वर्षभर तसाच पडलेला खड्डा अपघातानंतर मात्र आश्चर्यकारक तत्परतेने बुजवला जातो.