बोली एका डॉलरची, टपालखर्च एकोणीस डॉलरचा

जुनी नाणी, टपालतिकिटे किंवा दुर्मीळ पुस्तके जमविणाऱ्यांना आंतरजालावरील लिलाव नवा नाही. बोली लावली जाते, जिंकली जाते आणि काही दिवसांनी पार्सल हाती येते. मग त्यावर चिकटविलेल्या पावतीकडे लक्ष जाते. समजा, टपालखात्याने आकारलेले 45 रुपये तेथे छापलेले आहेत आणि विक्रेत्याने मात्र ‘टपाल व हाताळणी’ या नावाखाली 120 रुपये घेतले आहेत. उरलेले 75 रुपये कशाचे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

विक्रेत्याची बाजू आधी पाहणे न्याय्य ठरेल. खोका, बबल रॅप आणि चिकटपट्टी विकत आणावी लागते. टपाल कार्यालयापर्यंत फेरी मारून रांगेत उभे राहावे लागते. नाजूक वस्तूचा विमा वेगळा. शिवाय कुरिअर कंपन्या केवळ काट्यावरचे वजन धरीत नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्यास बहुधा 5000 ने भागतात आणि येणारे उत्तर प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असल्यास आकारणी त्यावरच होते. 40, 30 आणि 20 सेंटिमीटरच्या खोक्यातून पाठविलेला अर्ध्या किलोचा आकाशकंदील या हिशेबाने 4.8 किलोचा ठरतो. आपल्याला फसविले गेले असे ग्राहकास वाटते. खरे तर विक्रेत्याने येथे एक पैसाही वरकड घेतलेला नसतो.

मात्र सर्वच आकारणी इतकी निरागस नसते. 1995 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ईबे’ या संकेतस्थळावर विक्रेत्याकडून घेतले जाणारे अंतिम दलाली-शुल्क दीर्घकाळ फक्त विक्रीच्या किमतीवर होते. टपालखर्च त्यातून वगळलेला होता. पळवाट नेमकी येथेच होती. 20 डॉलरची वस्तू 1 डॉलरला मांडायची आणि टपालखर्च 19 डॉलर लावायचा. ग्राहकाच्या खिशातून रक्कम तीच जाते, पण दलाली एकाच डॉलरवर भरावी लागते. किमतीनुसार लावलेल्या यादीतही अशी वस्तू सर्वांत वर झळकते. आणि वस्तू परत करण्याची वेळ आली, की विक्रेता किंमत परत करण्यास तयार असतो; फक्त ‘टपालखर्च परत मिळणार नाही’ एवढी अट बारीक अक्षरांत असते! अशा वेळी ग्राहकाच्या हाती 20 पैकी 1 डॉलर उरतो.

शहाणा ग्राहक दोन्ही रकमांची बेरीज करूनच बोली लावील, असे अर्थशास्त्र गृहीत धरते. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थतज्ज्ञांनी ईबेवरच संगीताच्या सीडी आणि व्हिडिओ गेम विकून हे पडताळून पाहिले. त्यांचा शोधनिबंध 2006 साली प्रसिद्ध झाला. एकच वस्तू एकदा 4 डॉलरच्या मूळ बोलीने व मोफत टपालासह, तर एकदा 1 सेंटच्या मूळ बोलीने व 3.99 डॉलर टपालखर्चासह मांडली गेली. एकूण रक्कम दोन्हीकडे सारखीच. तरीही दुसऱ्या पद्धतीत बोली लावणारे अधिक आले, लवकर आले आणि विक्रेत्यास एकंदर मिळकतही सहसा अधिक झाली. मात्र सीडींवर टपालखर्च 6 डॉलरपर्यंत चढविल्यावर हा लाभ नाहीसा झाला. वस्तूच्या मानाने टपाल डोळ्यांत भरण्याइतके जड झाले, की ग्राहक सावध होतो. त्याखालची रक्कम नजरेतून निसटते.

ईबेने 2007 पासून ग्राहकांना विक्रेत्यास तारांकन देण्याची जी तपशीलवार सोय दिली, तिच्या चार निकषांत टपालखर्च हा एक होता. त्यामुळे तक्रारीस वाट मिळाली, पळवाट मात्र उरलीच. ती बुजली 2011 साली. अमेरिकेत त्या वर्षापासून टपालखर्चावरही दलाली आकारली जाऊ लागली आणि 1 डॉलरच्या वस्तूस 19 डॉलरचे टपाल लावण्यात विक्रेत्याचा मुख्य लाभ राहिला नाही. अर्थात यात प्रामाणिक विक्रेताही भरडला गेला, कारण टपालखात्यास जशीच्या तशी द्यावयाच्या रकमेवरही त्यास दलाली भरावी लागली. ती त्याने कोठून वसूल केली असेल, हे सांगणे न लगे.

भारतात 2000 साली आलेले ‘बाजी डॉट कॉम’ 2004 मध्ये ईबेने विकत घेतले. पुढे 2017 मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये ते भारतीय संकेतस्थळ बंद झाले. लिलावाची ती चाल येथे फारशी उरली नाही, पण वेगळा दाखविलेला टपालखर्च उरला. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 अन्वये विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवून पोच, टपाल, हाताळणी व कर यांचा तपशील देणे आवश्यक आहे. खरेदीच्या अखेरच्या पायरीवर आकार हळूच वाढविण्याच्या प्रकारास केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरविले आहे. तेव्हा कार्डाचा क्रमांक भरण्यापूर्वी त्या एकाच आकड्याकडे पाहावे आणि वस्तू परत केल्यास त्यातील किती रक्कम परत मिळेल, ही अट त्याच वेळी वाचून घ्यावी.